मिस्त्रींचा तिखट कान

मिस्त्री यंत्राचे दुखणे दातांनी ऐकत. सागाची हातभर लांब पट्टी त्यांच्याजवळ असे. तिचे एक टोक ते फिरत्या शाफ्टाच्या बेरिंगवर टेकवत, दुसरे समोरच्या दातांत धरत आणि डोळे मिटून घेत. अर्ध्या मिनिटाने पट्टी काढून म्हणत, "आतली गोळी फुटली हाय. आज चालन, उद्या चालन, परवा पकडन." बेरिंग उघडले की गोळी फुटलेली निघे. त्यांचे निदान चुकल्याचे मी सहा हंगामांत दोनदा पाहिले. पट्टीच्या दातांकडच्या टोकाला चावून चावून खाच पडली होती. ती पट्टी ते दुसऱ्या कोणाच्या हातात देत नसत.

ही हकीकत नेरच्या एका जिनिंगमधली आहे. १९५६ च्या हंगामापासून सहा वर्षे मी तिथे हजेरीबाबू होतो. सकाळी भोंगा वाजला की फाटकाजवळ उभे राहून आलेल्यांच्या नावांपुढे खूण करायची, हे माझे काम. उरलेल्या वेळात नागपूरच्या एका दैनिकाला मी तालुक्याच्या बातम्या पोस्टाने पाठवत असे. मिस्त्रींचे पूर्ण नाव माझ्या हजेरीपुस्तकात होते, पण ते कोणी उच्चारत नसे. मॅनेजरपासून हमालांपर्यंत सगळ्यांसाठी ते मिस्त्री होते. जिनमधल्या बाया तेवढ्या त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत. वय पन्नाशीच्या पुढे, अंग किडकिडीत, दाढी आखूड आणि पांढरी. पायात कधी काही नसे. पत्नी वारलेली होती, एकुलती मुलगी वणीला दिलेली होती. इंजिनघराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत ते एकटे राहत. खोली जिनिंगची होती. नोकरी होती तोवर खोली होती.

कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांना आमच्याकडे रेचे म्हणतात. ते सगळे एकदम चालू झाले की शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडले तरी ऐकू जात नसे. त्यामुळे आतले सगळे बोलणे हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींनी चाले. मूठ वर केली की पट्टा उतरवायचा. पंजा हलवला की कापूस टाकणे थांबवायचे. नवी बाई पंधरा दिवसांत हे शिकून घेई आणि महिन्याभरात समोरच्या रांगेतल्या बाईशी ओठांनी भांडू लागे. हंगामात दिवसभर आम्ही सगळेच बहिरे असू आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. बाहेर आल्यावरही जिनमधली माणसे मोठ्याने बोलत. मिस्त्री सर्वांत मोठ्याने बोलत, पण त्यांची नोकरीही सर्वांत जुनी होती.

समोरच्याचे बोलणे संपले की मान हलवायची, ही त्यांची सवय. एकदाच, खाली, सावकाश. मॅनेजरने हुकूम सोडला की मान. हमालाने गाऱ्हाणे सांगितले की मान. धानीबाई त्यावरून त्यांची टिंगल करी. ही धानीबाई जवळच्या तांड्यावरची, रेच्यांवर काम करणाऱ्या बायांची पुढारीण. तिच्या तोंडाला कोणी लागत नसे. जेवणाच्या सुट्टीत ती मिस्त्रींच्या मागे उभी राहून म्हणे, "मिस्त्रीचाचा, तुमचं दुसरं लगन लावून देतो, बाई पाह्यली हाय, एका डोयानं कानी हाय. चालन ना?" मग समोर जाऊन नुसत्या भुवया वर करी. मिस्त्री मान हलवत. बाया हसत सुटत. बाया हसतात हे पाहून मिस्त्रीही हसत.

गावात मात्र त्यांची ख्याती होती ती तिखट कानाची. खोलीत ते दाराकडे पाठ करून काही तरी घासत, कापत बसलेले असत. कोणी दारापासून पंधरावीस पावलांवर आले की मागे न पाहता आवाज देत. मी असलो तर, "या बाबू." धानीबाई असली तर, "ये बाई." मॅनेजर असले तर हातातला पाना खाली ठेवून ते उठून उभे राहत आणि मगच वळत. मॅनेजरांना याचे फार कौतुक. पाहुणे आले की ते त्यांना मुद्दाम खोलीकडे नेत आणि वाटेत सांगत, "आमच्या मिस्त्रीचा कान म्हणजे काय सांगू! पावलावरून माणूस ओळखतो." पाहुणे थक्क होत. त्यांचे अर्धे लक्ष मिस्त्रींच्या समोर पडलेल्या पाळीव धामणीकडे असे. ती चावेल का, एवढेच ते पाहत. ती काय करते आहे, हे कोणी पाहत नसे.

धामण सरकीच्या गोदामात सापडली होती, मी लागण्याच्या चार वर्षे आधी. तेव्हा ती हातभर होती. हमाल तिला मारायला निघाले होते. धामण गाईच्या पायांना वेढा घालून दूध पिते, शेपटी मारली तर अंग सडते, असे तिच्याविषयी बोलले जाई. मिस्त्री मध्ये पडले. "उंदरं सरकी खातेत, पट्टे खातेत, पोते खातेत," त्यांनी हमालांना सुनावले. "हा उंदरं खाते. याले मारता, मंग उंदरं तुम्ही खाता काय?" त्यांनी तिचे नाव जमादार ठेवले. धामण हा शब्द स्त्रीलिंगी असला तरी मिस्त्री जमादाराचा उल्लेख पुरुषासारखा करत, म्हणून पुढे मीही तसाच करतो. मी पाहिला तेव्हा जमादार सहा फुटांच्या वर होता. रात्री आणि सकाळी गोदाम त्याचे. दुपारपासून अंधार पडेपर्यंत मात्र तो भिंतीच्या भोकातून मिस्त्रींच्या खोलीत येई आणि रांजणाच्या गारव्याला पडून राही. "बाबू, याची हाजिरी मांडत जा," मिस्त्री मला म्हणत. "भोंग्याच्या आंधी कामावर रायते. तुमच्यापेक्षा बरा."

जमादाराला बोलवायचे असले की मिस्त्री फरशीवर उकिडवे बसत, पान्याची पाठ दोनदा जलद आपटत आणि जरा थांबून तिसऱ्यांदा आपटत. त्याच वेळी "आजाव रे जमादार" असे ओरडत. जमादार भोकातून डोके काढी. त्यामुळे जिनमध्ये सगळ्यांची खात्री होती की साप मिस्त्रींचा आवाज ओळखतो. बातमीदार म्हणून मी ही गोष्ट तपासून पाहिली. मिस्त्रींना नुसते ओरडायला लावले. जमादार आला नाही. शाळेची घंटा मागून आणली आणि ती हातात धरून त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर वाजवली. त्याने जीभ आत-बाहेर केली, पण ती तो एरवीही करत होता. मग तीच घंटा फरशीवर टेकवून वाजवली. त्याने ताबडतोब डोके उचलले. भोंगा वाजला की तो हनुवटी फरशीला लावून स्थिर होई. पण भोंग्याने जमीनही थरथरे, त्यामुळे हा पुरावा मी धरला नाही.

"तुम्ही कायले घंटा आनली?" मिस्त्री म्हणाले. "मले पुसाचं. लोकं म्हनते सापाले कान नाई. कान हाय. कानाले दरवाजा नाई, एवढंच. मानूस दरवाजातून आयकते, हा भिताडातून आयकते." त्यांनी जमादाराच्या खालच्या जबड्यावर बोट ठेवले. "हे हाड जमिनीले लावते. जमीन सांगते, हाड आयकते." मग त्यांनी सागाची पट्टी उचलून दातांत धरली आणि माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. त्या दिवशी मला ती गंमत वाटली.

एक गोष्ट त्यांनी त्याच वर्षी सांगितली होती. रेच्यांतून निघालेली मोकळी रुई ज्या खोलीत साठवत, तिथे जमादार एकदा शिरला. हमाल रुई भरायला आत गेला, तरी तो हलला नाही. हमालाचा हात अगदी जवळ गेला तेव्हा दचकून वळला आणि मनगटाला डसला. धामणीला विष नसते. हमाल आठ दिवसांत बरा झाला. मिस्त्रींनी त्या संध्याकाळी गोदाम आणि रुईची खोली यांच्यामधले भोक फळी ठोकून बंद केले. "त्याचा कसूर नाई," ते म्हणाले. "रुईवर गेला का जमादार बहिरा होते. रुईतून जमीन बोलत नाई." मी हे वाक्य वहीत लिहून ठेवले. मला वाक्ये लिहून ठेवण्याची सवय होती.

मला जे कळायला हवे होते ते कळले चौथ्या वर्षी, पावसाळ्यात. रेचे बंद होते, जिनमध्ये शांतता होती. अशा दिवसांत मिस्त्री सहसा खोलीबाहेर पडत नसत, आणि सापामुळे लोक खोलीत शिरत नसत. जे येत ते दाराशी थांबून, त्यांच्या समोर येऊन बोलत. मी दुपारी गेलो. ते दाराकडे पाठ करून कानस चालवत होते. "या बाबू" आले नाही. मी दारात उभा राहून हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जोरात मारली आणि खांद्याला हात लावला. त्यांच्या हातातली कानस उडून भिंतीवर आपटली. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग रांजणाकडे. रांजणामागे जमादार नव्हता.

"कात टाकून राह्यला," ते म्हणाले. "डोये पांढरे झाले त्याचे. चार दिस झाले, बाहेर नाई आला."

  त्यानंतर मी त्यांच्याकडे न पाहता जमादाराकडे पाहू लागलो, आणि महिनाभरात सगळे जुळले. फरशी एकसंध होती, इंजिनघरापासून खोलीपर्यंत. मॅनेजरचे बूट वाजले की जमादार सरपटत रांजणामागे जाई. माझ्या चपलांना तो वीतभर डोके उचली आणि पुन्हा टेकवी. धानीबाई टाच आपटत चाले. तिला तो नुसती मान वळवी. मिस्त्री अनवाणी त्याच्या अगदी जवळून गेले तरी तो हलत नसे. त्यांच्या पावलाला तो काहीच करत नसे, हीच त्याची ओळख. मिस्त्री दाराकडे पाठ करून, जमादाराकडे तोंड करून बसत. ते काही वर्षांपासून ठार बहिरे होते. रेच्यांनी कान गेले होते. हंगामात ते कोणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते; उरलेल्या महिन्यांत त्यांचे कान जमादार होता.

हे मालकांना कळले असते तर नोकरी गेली असती. कापसाच्या जिनमध्ये तापलेल्या एका बेरिंगने सगळे भस्म होऊ शकते आणि आगीची पहिली हाक इंजिनघरात जाते. इंजिनावर बहिरा माणूस कोणी ठेवत नाही. तो माणूस बेरिंग तापण्याच्या दोन दिवस आधी दातांनी सांगतो, ही गोष्ट कोणत्याही फॉर्मात लिहायची सोय नसते.

१९६२ च्या पावसाळ्यात नागपूरहून संपादकांचे पत्र आले. माझ्या बातम्या अचूक असतात, पण त्यांत बाजारभाव आणि अपघात यांपलीकडे काही नसते. रविवारच्या अंकासाठी काही वेगळे पाठवता आल्यास पाहावे, असे त्यात होते. वृत्तसंपादन विभागात एक जागा रिकामी होणार असल्याचेही होते. त्याच संध्याकाळी मी मिस्त्रींकडे गेलो. कंदील अजून लावलेला नव्हता. ते जमिनीवर बसले होते, जमादार समोर होता. मी दारातच उभा राहिलो आणि म्हणालो, "मिस्त्री, तुमच्यावर आणि जमादारावर पेपरात लिहू का? तुम्हाला ऐकू येत नाही, हेही लिहावे लागेल."

मिस्त्रींनी मान हलवली. एकदा, खाली, सावकाश.

उजेड माझ्या पाठीमागे होता. त्यांना माझे तोंड काळे दिसत असणार. हे मला तेव्हाही दिसत होते.

लेख पाऊण कॉलमाचा होता. त्यात घंटेचा प्रयोग होता, भोंग्याबद्दलची शंका होती, सागाची पट्टी होती, कोणत्या पावलाला जमादार काय करतो याचे वर्णन होते. बहिरा मनुष्य आणि त्याचा साप एकाच पद्धतीने ऐकतात, असा त्याचा रोख होता. रुईवर जमीन बोलत नाही, हे वाक्यही होते. जिनिंगचे नाव मी दिले नव्हते, पण गाव दिले होते, आणि गावात सापवाला मिस्त्री एकच होता. एकही तपशील चुकीचा नव्हता. पंधरा दिवसांनी मला नागपूरला नेमणुकीचे पत्र आले.

हंगाम सुरू होण्याच्या आधी आगीच्या विम्याचे साहेब दरवर्षी तपासणीला येत. त्या वर्षी आले तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये कात्रण होते. मॅनेजरांनी ते हसण्यावारी नेले. "पेपरवाले काहीही लिहितात. आमच्या मिस्त्रीसारखा कान तालुक्यात नाही. तुम्ही स्वतः पाहा." त्यांनी मिस्त्रींना कचेरीत बोलावून पाठ करून उभे केले. कचेरीची जमीन लाकडी फळ्यांची होती. विम्याच्या साहेबांनी मागे जाऊन पाय आपटला, मिस्त्री वळले. टेबलावरचे वजन खाली पाडले, मिस्त्री वळले. खुर्ची सरकवली, मिस्त्री वळले. मॅनेजर माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय हो बातमीदार?" मी हातातले हजेरीपुस्तक चाळू लागलो. त्या क्षणी सगळे मिटले असते.

विम्याच्या साहेबांनी कात्रण पुन्हा काढले आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचले. ते सावकाश वाचणारे गृहस्थ होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "यांना कापसावर उभे करा."

अंगणात नव्या कापसाची पहिली गंजी पडली होती, कमरेएवढ्या उंचीची. मिस्त्री तिच्यावर चढले. घोट्यांच्या वर पाय कापसात गेले. त्यांनी एकदा पायांकडे पाहिले. आपल्याला इथे का आणले, हे त्यांना त्या वेळी कळले असावे, कारण नंतर त्यांनी मागे वळून पाहण्याचा प्रयत्नच केला नाही. काम मागायला आलेल्या बाया फाटकाजवळ उभ्या होत्या. विम्याचे साहेब गंजीच्या मागे गेले आणि त्यांनी हाक मारली, "मिस्त्री." धानीबाईने समोरून डोळ्यांनी खूण केली: मागे. साहेबांच्या ते लक्षात आले. त्यांनी तिला बाजूला व्हायला सांगितले. ती हलली नाही तेव्हा चौकीदाराने तिला भिंतीआड नेले. मग साहेबांनी पुन्हा हाक मारली. आणखी जोरात मारली. चौथ्यांदा पूर्ण नावाने मारली. ते नाव त्यांनी माझ्या हजेरीपुस्तकातून घेतले होते.  मिस्त्री समोर पाहत उभे होते. समोर, दहा पावलांवर, मी होतो.

मॅनेजरांनी स्वतः हात देऊन त्यांना खाली उतरवले.

धानीबाईने मला फाटकाशी गाठले. ती ओरडली नाही. रेच्यांच्या खोलीत बोलतात तशी, ओठ नीट हलवत, जवळजवळ आवाज न करता बोलली. "आमाले मालूम नोतं काय, बाबू? समद्या बायाइले मालूम होतं. लगनाची मस्करी करो आमी त्याइच्या पाठीमागून, ते काय उगीच? पाच वर्सं झाले मालूम हाय. आमी छापलं काय?"

मी तिला सांगितले की मी विचारले होते आणि त्यांनी मान हलवली होती.

"मान," धानीबाई म्हणाली, आणि बायांमध्ये निघून गेली.

मिस्त्रींना खोली रिकामी करायला आठ दिवस दिले होते. त्यांनी तीन घेतले. एक पत्र्याची पेटी, वळकटी आणि सागाची पट्टी एवढे सामान निघाले. जमादाराला नेता येण्यासारखे नव्हते. वणीला जावयाच्या घरी लहान मुले होती. जाण्यापूर्वी त्यांनी खोलीतले भोक विटांनी बुजवले, म्हणजे नव्या मिस्त्रीच्या वाटेला साप जाणार नाही आणि सापाच्या वाटेला नवा मिस्त्री. गोदामाकडून बाहेर जाण्याचे भोक तेवढे उघडे ठेवले. एसटीत बसताना त्यांनी सगळ्या बायांना सलाम केला. माझ्याशी हात मिळवला. त्यात काही कमीजास्त नव्हते.

नेर सोडण्याच्या आदल्या दिवशी मी सरकीच्या गोदामात गेलो. पान्याची पाठ फरशीवर दोनदा जलद आपटली, थांबून तिसऱ्यांदा आपटली. जमादार पोत्यांच्या थप्पीमागून बाहेर आला. चार हातांवर येऊन थांबला, हनुवटी टेकवली, जीभ दोनचारदा बाहेर काढली. मग वळून आला तसा गेला. मी पुन्हा ठोकले. तो परत आला नाही.

नव्या मिस्त्रीच्या हाताखाली त्या हंगामात आग लागली नाही. जिन नीट चालले, असे मी नंतर ऐकले.

तीन वर्षांनी कोळशाच्या खाणीच्या एका बातमीसाठी मला वणीला पाठवले होते. काम संपल्यावर मी मिस्त्रींच्या जावयाचे गॅरेज शोधून काढले. चंद्रपूरच्या रस्त्यावर ट्रकदुरुस्तीचे ते गॅरेज होते. मिस्त्री बाहेर बाजेवर बसले होते, रस्त्याकडे पाठ करून. तळपाय जमिनीवर सपाट टेकलेले होते. मी अगदी मागे जाऊन उभा राहिलो. कोळशाचे ट्रक एकामागून एक जात होते आणि जमीन सारखी हादरत होती, त्यामुळे त्यांच्या पायांनाही माझा पत्ता लागला नाही. मी फिरून समोर आलो तेव्हा ते म्हणाले, "बाबू." म्हातारे झाले होते. जावयाचे कसे चालले आहे ते सांगितले. सागाची पट्टी अजून आहे, पण पुढचे दोन दात पडले, त्यामुळे नीट धरता येत नाही, असे म्हणाले. चहा मागवला. मग विचारले, "जमादार कसा हाय?"

मी त्यांना गोदामातली हकीकत सांगितली. ओठ नीट हलवत, सावकाश. दोनदा आणि मग एकदा ठोकले, तो आला, थांबला, परत गेला.

"बसून ठोकलं का उभ्यानं?"

"बसून."

"पायात चपला होत्या?"

"होत्या."

"मंग," मिस्त्री म्हणाले. त्यांना एवढे उत्तर पुरेसे वाटले. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "पन आला तं होता."

चहा आला. मी वणीला येताना जे बोलायचे ठरवले होते ते बोलायचे राहिले होते. दिवस मावळायला अवकाश होता, उजेड माझ्या तोंडावर होता, आम्ही समोरासमोर बसलो होतो. या वेळी तशी काही अडचण नव्हती. मी कपबशी खाली ठेवली. तिच्याकडे पाहत, मान वर न करता, मी म्हणालो की माझी चूक झाली, मला माफ करा.

बोलून झाल्यावर मी वर पाहिले. मिस्त्रींनी मान हलवली. एकदा, खाली, सावकाश.